आतली कडी

जेवणाच्या सुट्टीत बेबीचा फोन टेबलावर थरथरला. गेले दोन महिने दिवसातून चार-पाचदा येणारी ओळच पडद्यावर होती : ‘मुख्य दार : आतून उघडण्याचा प्रयत्न.’

“आले आमचे आप्पा दाराशी,” डब्याचं झाकण लावत ती म्हणाली.

बेचाळिशी गाठली तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणत. ऑफिसात मात्र ती मॅडम होती. विमा कंपनीच्या त्या कचेरीत अठरा माणसं तिच्या हाताखाली होती, आणि एकही कागद तिच्या नजरेतून सुटत नसे. नवरा जहाजावर कामाला. सहा-सहा महिने तो समुद्रावरच असे. घरात आठ वर्षांची ठकू आणि बेबीचे वडील, म्हणजे आप्पा. सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे तिचा राग आला, तर हे विसरू नका.

तिने फोनवर बोट फिरवलं. दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्याने घर दाखवलं. सोफा, बंद टीव्ही, आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे असलेले आप्पा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. घरातसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावलेली.

“आप्पा! काय हवंय?”

आप्पांनी दचकून वर पाहिलं. दोन महिने झाले तरी भिंतीने बोलायची सवय त्यांना झाली नव्हती.

“बेबी, अगं ती लिफ्ट... आवाज बदललाय तिचा. आठवडाभर ऐकतोय. आपल्या मजल्याशी आली की—”

“आप्पा, मला पाच मिनिटांत मीटिंग आहे. संध्याकाळी बोलू. गोळी घेतलीत? बसा बरं तुम्ही.”

चित्र बंद झालं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची सरकवून जवळ आला. त्याला सगळे दाढी म्हणत.

“मॅडम, काय सोय आहे हो! इथे बसून दार बंद, इथे बसून विचारपूस. कुलूप बसवणाऱ्याचा नंबर द्या ना मला. आमच्या सासूबाई उठसूट खाली जाऊन बसतात.”

“देते की. डोक्याचा ताप जातो बघ एकदम.”

आता हे कुलूप का आलं, तेही सांगायला हवं. दोन महिन्यांपूर्वी आप्पा सकाळी सातला फिरायला गेले ते नऊ वाजले तरी परतले नाहीत. फोन घरीच, उशीखाली. बेबीच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दवाखाने झाले, पोलीस चौकी झाली. अकरा वाजता स्वारी शांतपणे जिना चढून दारात!

“समोरच्या इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती गं,” आप्पा म्हणाले होते. “एकटी होती. रडत होती. दुरुस्तीवाला येईपर्यंत तिच्याशी बोलत थांबलो.”

“तुम्ही का? तुम्हाला रिटायर होऊन वीस वर्षं झाली, आप्पा!”

“ती आत होती ना,” एवढंच ते म्हणाले.

आप्पांनी जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केली होती. त्यांच्या कामाची एक रीत होती. कुणी आत अडकलं की बाकीचे मेकॅनिक पिशवी घेऊन थेट वर यंत्राच्या खोलीकडे धावत. आप्पा आधी दाराशी जात. स्वतःचं नाव सांगत, आतल्याचं नाव विचारत, किती वेळ लागेल ते खरं-खरं सांगत, आणि मगच पिशवी उघडत. “आधी आवाज, मग अवजार,” असं ते हाताखालच्या पोरांना बजावत. वरचे साहेब वेळ जातो म्हणून कुरकुरत, पण आप्पांनी रीत सोडली नाही.

बेबीला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी जुनी कडी निघाली आणि नवं कुलूप बसलं. बाहेरून चार आकडे दाबले की उघडणारं, फोनवरून हुकूम सोडला की बंद होणारं. त्यात एक खास सोय होती, ‘सुरक्षित घर’ नावाची. बाहेर पडताना बेबी ती चालू करे, की आतली मूठ नुसतीच गोल फिरे. दार काही उघडत नसे. आकडे बेबीने कुणालाच सांगितले नव्हते. आप्पा लोकांना सांगत सुटले तर?

कुलूप बसवताना आप्पा खुर्चीवर बसून पाहत होते. माणूस गेल्यावर त्यांनी मूठ एकदा फिरवून पाहिली.

“आतून काहीच नाही का गं?”

“तुमच्या काळजीपोटीच ना, आप्पा!”

आप्पा दिवसातून चार-पाचदा मूठ मात्र फिरवत राहिले.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास ठकूला चित्रकलेच्या वर्गातून घेऊन बेबी इमारतीत शिरली. एका हातात पर्स, एका हातात ठकूची रंगांची पेटी. वॉचमनने मान हलवली. लिफ्टचं दार लागलं, ठकूने नऊ नंबरचं बटण दाबलं.

सहा... सात... आठ... आणि खाडकन धक्का बसून लिफ्ट थांबली.

दिवा चालू होता. पंखा मात्र बंद पडला. बेबीने नऊचं बटण दाबलं. मग आठचं. मग तळमजल्याचं. मग सगळीच. फोन काढला, तर रेंजच्या रेषांच्या जागी फुली. त्या पत्र्याच्या पेटीत फोन कधीच लागत नसे.

“आई, घंटा वाजव ना.”

“घंटा काढली गं बाळा.”

होय, काढली होती! पूर्वी लिफ्टमध्ये लाल बटण होतं. ते दाबलं की सगळ्या जिन्यात घंटा घणघणायची. मुलं येता-जाता वाजवतात म्हणून मागच्या वर्षी सोसायटीच्या सभेत ती बंद करायचं ठरलं. त्याऐवजी कंपनीला फोन जोडणारं बटण बसलं. सभेत हात वर करणाऱ्यांत बेबी पहिली होती. विरोधात एकच हात होता, आप्पांचा. “घंटा मुलांना शिकवा, काढू नका,” ते म्हणाले होते. लोक हसले होते.

बेबीने ते नवं बटण दाबलं. गोड आवाज आला : “आपण लिफ्टमध्ये आहात. कृपया शांत राहा. आपला कॉल रांगेत सातवा आहे.”

“अहो, लहान मूल आहे हो बरोबर!” बेबी ओरडली.

“आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” आवाज तितक्याच गोडीने म्हणाला आणि टूं टूं करत बंद पडला.

पुन्हा दाबलं. या वेळी नववा.

त्या चार फुटी खोक्यात भिंती जणू पाऊलभर आत सरकल्या. जोराने दार ठोठावून तिने हाका मारल्या. आठव्या मजल्यावरचे दोघं नोकरीवर. नवव्यावरच्या शेजारीण बाई गावाला. कोण ऐकणार? मग ठकूने असा काही टाहो फोडला की बेबीच्या कानठळ्या बसल्या.

“ठकू? ठकूच ना गं ती?”

आवाज वरून आला. अगदी जवळून! लिफ्टच्या दारासमोर दहा पावलांवर त्यांचंच घर होतं.

“आजोबा!”

“मी आहे इथे. ऐकतेयस का नीट? तू, आई, आणखी कोण आहे आत?”

“आम्ही दोघीच. आजोबा, लिफ्ट पडणार का?”

“अजिबात नाही. आता मी सांगतो ते मोजायचं. तुझ्या डोक्यावर जाड दोर आहेत, लोखंडी तारांचे. किती असतील?”

“दोन?” ठकूने नाक पुसलं.

“पाच. एकेकटा दोरसुद्धा ती पेटी पेलू शकतो. बरं, वर एक ब्रेक आहे. त्याला वीज मिळाली तरच तो सुटतो. नाही मिळाली की गच्च धरून बसतो. म्हणजे बिघाड झाला की लिफ्ट काय करते?”

“थांबते.”

“शाबास! पडत नाही, थांबते. आता आईला सांग, भिंतीला टेकून खाली बस. उभं राहून घाबरायला जास्त श्वास लागतो.”

बेबी मुकाट्याने खाली बसली. ठकूचं रडं कुठल्या कुठे पळालं होतं.

“आजोबा, मग तुम्ही बाहेर या ना! तुम्हाला तर लिफ्ट येते दुरुस्त करता!”

वरून मूठ फिरल्याचा आवाज आला.

“आजोबा?”

“नाही येता येत गं.”

“का?”

“दार बंद आहे.”

“मग उघडा!”

“ते... ते आईच्या फोनमध्ये आहे.”

ठकूने आईकडे पाहिलं. मग आईच्या हातातल्या फोनकडे. बेबीने नजर खाली घातली, तर फोनच्या पडद्यावर दुपारपासूनच्या ओळी एकाखाली एक उभ्या होत्या. आतून उघडण्याचा प्रयत्न. आतून उघडण्याचा प्रयत्न. आतून उघडण्याचा प्रयत्न. तिने स्वतः आत्ता बटण किती वेळा दाबलं होतं? वीस वेळा? तीस? तेही कुठेतरी, कुणाच्या तरी पडद्यावर असंच ओळीने उमटलं असेल. आणि तो माणूस मीटिंगला गेला असेल!

“आप्पा,” तिने विचारलं, “दुपारी दाराशी कशाला गेला होतात?”

“तेच तर सांगत होतो. नवव्याच्या दारापाशी लिफ्ट आली की घासल्यासारखा आवाज येतोय. बाहेरच्या दाराची पट्टी ढिली झाली असणार. दार नीट लागलंय की नाही, तेच यंत्राला कळेनासं झालं की ते मध्येच थांबतं. वॉचमनला सांगून दुरुस्तीवाला बोलवावा म्हटलं. दहा मिनिटांचं काम होतं गं.”

बेबीने कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. आठवडाभर हा माणूस बिघाड ऐकत होता. सांगायला बाहेर पडू पाहत होता. आणि तिने काय म्हटलं होतं? बसा बरं तुम्ही!

तेवढ्यात ठकू नाकाने हुंगत म्हणाली, “आई, जळकट वास येतोय.”

खरंच येत होता! दाराच्या फटीतून तो आत पाझरत होता. बेबी ताडकन उठली.

“आप्पा! काय जळतंय? आप्पा! गॅस! गॅस बघा आधी!”

उत्तर नाही.

“आप्पा!”

किती सेकंद गेले असतील? दहा? पंधरा? त्या तेवढ्या वेळात बेबीने आपलं घर पाहिलं. कॅमेऱ्यातून दिसतं तसं नव्हे. खिडक्यांना जाळ्या, नववा मजला, धूर, आणि नुसतीच गोल फिरणारी मूठ. तिनेच बसवलेली. आग लागली असती तर ऑफिसात बसून तिला सगळं स्पष्ट दिसलं असतं! आवाजसुद्धा ऐकू आला असता!

“बंद केला गॅस,” आप्पांचा आवाज परत आला, किंचित खोकत. “दूध ठेवलं होतं ठकूसाठी. तुमच्या ओरड्यात विसरलो. करपलंय नुसतं. पातेलं मात्र गेलं कामातून.”

बेबी रडू लागली. आप्पांनी तिला रडू दिलं.

मग म्हणाले, “आता मी जरा खिडकीशी जातो. ठणठण आवाज होईल, घाबरू नका. दोनशेपर्यंत आकडे मोजा, तोवर परत येतो.”

ठकूने मोठ्याने आकडे मोजायला घेतले. पंचवीसपर्यंत पोचली तोच ठणठणाट सुरू झाला. आप्पा करपलेल्या पातेल्यावर पळी आपटत होते, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. तीन ठोके, थांबा. तीन ठोके, थांबा. काढून टाकलेली घंटाच जणू नव्या रूपाने वाजत होती! ठकू एकशे ब्याण्णववर असताना ठणठणाट थांबला आणि जिन्यात जोड्यांची धपधप ऐकू आली.

“आप्पा! काय झालं?” वॉचमन. नऊ मजले चढून त्याच्या छातीचा भाता झाला होता. “आग-बिग लागली का?”

“लिफ्टमध्ये दोघी अडकल्यात. आधी त्यांच्याशी बोल.”

“मॅडम, मी आहे हां!” वॉचमन लिफ्टच्या दाराशी येऊन ओरडला. “लोखंडी पहार आणू का? दार फाकवतो!”

“खबरदार!” आप्पा घराच्या आतून गरजले. एवढा मोठा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत काढला नसेल. “लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये आहे. दार फाकवलंस तर बाहेर यायच्या घाईत माणूस खालच्या फटीतून थेट तळाला जाईल. हात लावू नकोस.”

“मग तुम्हीच या ना बाहेर.”

बेबीने डोळे पुसले आणि दाराच्या फटीला तोंड लावलं.

“आमच्या दाराचे आकडे सांगते. दाबा! दोन... सात... शून्य... पाच!”

“दोन सात शून्य पाच,” वॉचमनने म्हणून पाहिलं.

ठकू चमकली. “आई, हा तर आजोबांचा वाढदिवस! सत्तावीस मे!” आणि क्षणभर विचार करून म्हणाली, “आजोबांच्या वाढदिवसानेच आजोबांना कोंडलं?”

बाहेर कुलूप टुणकन वाजलं, दार उघडलं. दहा पावलं, सावकाश, चपला घासत. मग स्टूल सरकवल्याचा आवाज, आणि आप्पांचा श्वास, अगदी दारापलीकडे.

“आलो गं. आता मी इथून हलत नाही.”

त्यांनी वॉचमनच्या फोनवरून कंपनीच्या दुरुस्तीवाल्याला गाठलं. रांगेतून नव्हे. लिफ्टच्या चौकटीवर खडूने लिहिलेला त्याचा स्वतःचा नंबर त्यांना ठाऊक होता. आत कोण आहे, लिफ्ट कुठे आहे, कुठली पट्टी तपासायची, चार वाक्यांत सांगितलं. मग दाराकडे वळून म्हणाले, “चाळीस मिनिटं लागतील. पंधरा नाही, वीस नाही. चाळीस. खरं सांगून ठेवतो, म्हणजे वाट पाहायला बरं पडतं.”

त्या चाळीस मिनिटांत ठकूने कप्पी म्हणजे काय, वजनाचा तोल कसा साधतात आणि मुंगीला लिफ्ट लागेल का, हे सगळं विचारून घेतलं. शेवटी बेबी हळूच म्हणाली, “आप्पा, तुम्हाला दिवसभर असंच वाटायचं?”

“नाही गं,” आप्पा म्हणाले. “तुमच्याशी बोलायला दाराशी कुणीतरी आहे. माझ्याशी भिंत बोलायची.”

ते रागाने बोलले असते तर बेबीला सोसलं असतं.

“तू वाईट नाहीस, बेबी. घाबरलीस तू त्या दिवशी. घाबरलेला माणूस आधी दार लावतो. मी जन्मभर हेच पाहिलं. लोक म्हणायचे, बटण कशाला हवं आत, पोरं उगाच दाबतात. अगं, बटण उगाच दाबलं जाईलही. पण आत असलेल्याच्या हाताला काहीतरी लागायला हवं. काहीच लागलं नाही, की त्या पेटीला लिफ्ट म्हणायचं कशाला?”

दुरुस्तीवाला एकेचाळिसाव्या मिनिटाला आला. आप्पांनी घड्याळ पाहून नाक मुरडलं. वर जाऊन त्याने हाताने ब्रेक सैल केला, लिफ्ट इंच-इंच चढली, नवव्या मजल्याच्या बरोबरीला आली, आणि दार उघडलं. समोर स्टुलावर आप्पा, शर्टाची वरची गुंडी लावलेली, मांडीवर काळं पातेलं.

“पट्टीच होती, आप्पा,” दुरुस्तीवाला वरून ओरडला. “ढिली!”

ठकू आजोबांच्या गळ्यात पडली. बेबी उभीच राहिली. मग घरात गेली, खणातून आप्पांची जुनी अवजारांची पिशवी आणली आणि त्यांच्यासमोर धरली.

“हे कुलूप काढा, आप्पा. आत्ता. मला तुमची जुनी कडी परत हवीय.”

आप्पांनी हात पुढे करून दाखवला. तळवा लालभडक झाला होता.

“आज नको. आज पळी फार आपटली. उद्या उजेडात लावू, तू पेचकस धर.”

त्या रात्री दार नुसतं लोटलेलं राहिलं. बेबीला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कडी बसली. दाराशेजारी ठकूने एक पाटी टांगली. बाहेर जाताना आप्पांनी त्यावर लिहायचं : कुठे चाललो, केव्हा येणार. फोन खिशात ठेवायचा, हेही त्यांनी कबूल केलं. पहिल्याच दिवशी पाटीवर लिहिलं होतं : ‘समोरच्या बागेत. पाऊण तास. फोन घेतला आहे, खरंच घेतला आहे.’

पुढच्या सभेत घंटेचा विषय निघाला. या वेळी बेबी उठून उभी राहिली. “मुलं वाजवतात म्हणून घंटा काढली, ही चूक माझीही होती,” ती म्हणाली. घंटा परत बसली. रविवारी आप्पांनी इमारतीतल्या सगळ्या मुलांना रांगेत उभं करून प्रत्येकाला ती एकदा वाजवू दिली, आणि आत अडकलेल्या माणसाला ती कशी ऐकू येते, तेही सांगितलं. नंतर ती उगाच एकदाच वाजली. वाजवणारे दाढीवाले सहकारी होते, घर पाहायला आलेले, आणि त्यांना ते बटण दिव्याचं वाटलं होतं.

जाता जाता दाढीने पुन्हा विचारलं, “मॅडम, सासूबाईंसाठी त्या कुलूपवाल्याचा नंबर राहिलाच की!”

“देते,” बेबी म्हणाली. “पण आधी एक कर. एक दिवस सासूबाईंना बाहेर पाठव, कुलूप लाव, आणि तू आत बस.”

दाढीने नंबर घेतला नाही.

वाचकहो, यंत्रांशी भांडण करायचं कारण नाही. त्याच यंत्रांनी आप्पांचं पोट भरलं आणि आपल्यालाही नऊ मजले वर नेलं. कॅमेरा लावा, कुलूप लावा, म्हाताऱ्यांची आणि लेकरांची काळजी जरूर घ्या. पण ज्याची काळजी घेता, त्याला आधी विचारा, त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या, आणि दार लावाल ते असं लावा की त्याची कडी आतल्या माणसाच्या हाताला लागेल. आज तो आत आहे. उद्या आपल्यालाही ती मूठ फिरवून पाहायची आहे!